अर्ध्या कपाटाची पेटी

घरातून सगळ्यात आधी आरसा गेला, आणि त्याच दिवशी आई म्हणाली, “ही पोरगी घर सोडून चाललीय.”

“आई, ते तिचं काम आहे,” मी म्हटलं.

“आरसा काखोटीला मारून कसलं आलंय काम?”

आता आईला काय सांगायचं? माझी बायको चित्रकार आहे असं मी पूर्वी लोकांना सांगायचो, पण लग्नानंतर तिच्या हातात ब्रश मी एकदाच पाहिला, तोही खिडकीला रंग देताना. ती वस्तू मांडते, माणसं मांडते, आणि मग बघायला आलेले लोक आपापसात भांडतात. वर्तमानपत्रवाले तिला ‘आगलावी’ म्हणतात. तिला ते नाव इतकं आवडलं की दारावरच्या पाटीवर तेच लिहायचं म्हणत होती. घराच्या दारात आगीचं नाव नको म्हणून आईनं तो बेत हाणून पाडला.

मी पेट्या करतो. चित्रं, पुतळे, काचेच्या वस्तू लांब पाठवायच्या असल्या की त्यांना लाकडी पेट्या लागतात. आत फोम, कडेनं पट्ट्या, बाहेर ‘ही बाजू वर’चा बाण. वस्तू काय आहे, तिचा अर्थ काय, या भानगडीत मी पडत नाही. आमची ओळखही पेट्यांमुळेच झाली. शहरातल्या बड्या पुढाऱ्यांना ‘तुमचा पुतळा करते’ असं सांगून तिनं त्यांचे प्लास्टरचे साचे घेतले, आणि प्रदर्शनात मांडली ती नुसती पोटं. भिंतीवर ओळीनं, बेंबीसकट, खाली प्रत्येकाचा हुद्दा. मोर्चा निघाला, काचा फुटल्या, आणि ती पोटं घाईघाईनं दुसरीकडे हलवायची वेळ आली. मी टेप काढून मापं घ्यायला लागलो. ती बराच वेळ बघत उभी होती. शेवटी म्हणाली, “तुम्ही काहीच विचारत नाही?” मी म्हटलं, “विचारून पोट कमी होणार आहे का?” ती खाली बसून हसली. मी तिथंच प्रेमात पडलो. तिला माझ्यात काय दिसलं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

आईचं म्हणणं मी का उडवून लावलं, हे कळायला हॉटेलातली गोष्ट सांगावी लागेल. सांगायची लाज वाटते, पण तिच्याशिवाय पुढचं काही समजायचं नाही.

लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. ती मला जेवायला घेऊन गेली. चांगलं हॉटेल, सगळी टेबलं भरलेली. जेवता जेवता तिनं चमचा खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “मला तुझ्याबरोबर राहायचं नाही.” मी आधी हसलो. मग आजूबाजूला बघून ‘हळू बोल’ म्हणालो. मग चिडलो, आवाज चढवला. आणि ती उठून निघाली तेव्हा मी तिचा हात धरून रडलो. लहान मूल रडतं तसा, नाक गळेपर्यंत. तू गेलीस तर मी जगणार नाही, तुझ्या पायांचा आवाज जिन्यात आला की माझ्या हातातली करवत थांबते, असलं काय काय बोललो. जन्मात कधी बोललो नव्हतो असलं. आणि सगळ्या टेबलांवरून टाळ्या पडल्या. एकूण एक माणूस आमंत्रित होता. पडद्यामागे कॅमेरा होता.

ती मला मिठी मारून म्हणाली, “किती खरं बोललास रे!” तिचेही डोळे भरले होते, आणि ते खरे भरले होते की तोही कामाचा भाग, हे मला ठरवता येईना. नंतर ते टेबल ठिकठिकाणी प्रदर्शनांत फिरलं. पेटी मीच केली.

मी कानाला खडा लावला. पुन्हा फसायचं नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी तर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागलो. ती काही बोलली की आधी मनात म्हणायचं, हे काम असेल. ‘आज डोकं दुखतंय’ म्हणाली तरी मी कुणी बघतंय का म्हणून खिडकीकडे नजर टाकायचो. आणि काहीही मांडलं तरी एकच ठरलेलं उत्तर: “छान आहे.” कलावंत बायकोचा नवरा म्हणून लोक माझं कौतुक करायचे. किती समजूतदार, कधी नाही म्हणत नाही! मलाही ते आवडायला लागलं होतं.

तर आरसा. आरशामागून तिची खुर्ची गेली, मग पुस्तकांची फळी, केटल, दिवा. नव्या प्रदर्शनाचं नाव ‘माझ्या वाट्याचं’. घरातल्या तिच्या वाट्याच्या वस्तू गॅलरीत मांडायच्या, आणि प्रदर्शन चालू असेपर्यंत तिनं तिथंच राहायचं. लोक येऊन बघणार.

“मग परत कधी येणार हे सगळं?” मी विचारलं.

“बघू,” ती म्हणाली. ताकास तूर लागू देईल तर ती कसली.

एकेक वस्तू ती खाली माझ्या कारखान्यात आणायची. कारखाना म्हणजे आमच्या घराखालचं गाळ्याएवढं दुकान. पेटीत घालण्याआधी वस्तू दिव्याखाली धरून सगळीकडून तपासायची असा नियम आहे. कुठे ओरखडा, कुठे टवका, हे आधी बघून मोठ्यानं सांगायचं, म्हणजे नंतर मालकाशी वाद होत नाही. मी सांगत होतो, ती ऐकत होती.

“खुर्ची. उजव्या हातावर डाग, भाजल्याचा.”

“कशानं पडला, आठवतं?” तिनं विचारलं.

“जुना आहे,” मी म्हटलं. आमच्या धंद्यात ओरखडे दोनच प्रकारचे, जुने आणि नवे. जुन्याची जबाबदारी आपल्यावर येत नाही.

मला आठवत होतं, नाही असं नाही. नव्या घरात आलो त्या दिवशी तिनं गरम इस्त्री त्या खुर्चीवर ठेवली होती आणि आम्ही दोघं खिडकीत बसून काहीतरी बोलत राहिलो होतो, वास येईपर्यंत. पण ती विचारत होती ते प्रदर्शनाच्या भिंतीवर लिहायला, असं मी धरून चाललो. उगाच आपण हळवं व्हायचं आणि उद्या ते मोठ्या अक्षरांत छापून यायचं.

मग तिनं खाट मागितली. आमचा पलंग म्हणजे दोन एकेरी खाटा मधोमध दोरीनं बांधलेल्या. तिनं दोरी सोडली आणि तिच्या बाजूची खाट ओढली.

“खाटसुद्धा?” माझ्या तोंडून गेलंच.

ती थांबली. “का? नको नेऊ?”

मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्यावरून काहीच कळेना. मला ते हॉटेल आठवलं, त्या टाळ्या आठवल्या, आणि मी खिडकीकडे बघितलं. खिडकीत कुणी नव्हतं, पण त्या दिवशी तरी कुठं दिसलं होतं?

“ने की,” मी म्हटलं. “छान दिसेल.”

“बरं,” ती म्हणाली, आणि खाटेचं दुसरं टोक मी उचललं.

आई दारात उभी होती. दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी भांडी पुसता पुसता म्हणाली, “तुझी एक वस्तू नेली नाही तिनं. माझी पण नाही. माझा कप किती छान आहे, निळ्या फुलांचा. तो नाही मागितला.” तिला सून घर सोडून चालल्याचं दुःख होतंच, पण आपला कप प्रदर्शनात जाण्याच्या लायकीचा ठरला नाही हे जास्त लागलं होतं.

“नावच ‘माझ्या वाट्याचं’ आहे आई. आपलं कशाला नेईल?”

“तेच म्हणतेय मी,” आई म्हणाली. “हातच्या कांकणाला आरसा लागतो का? आणि आपल्याकडे तर आता आरसाही नाही.”

शेवटी कपाट. दोन दारांचं, सागवानी, डावं दार तिचं, उजवं माझं. ती म्हणाली, “मधोमध कापून देशील?”

लाकूड कापायचं म्हटलं की मी बाकी सगळं विसरतो, हा माझा स्वभावच आहे. कपाट सरळ मधोमध कापणं सोपं नाही. मधली उभी फळी एकच असते, ती कुणाकडे ठेवायची? वरच्या कांगोऱ्याचं नक्षीकाम कुठं तोडायचं? मी दोन दिवस विचार केला. मधली फळी माझ्या भागाला ठेवली, तिचा भाग एका बाजूनं उघडा राहिला. आतले कपडे, हँगर, कप्पे सगळे बघणाऱ्याला दिसतील असा. कापलेली कड पॉलिश पेपरनं इतकी गुळगुळीत केली की तिच्यावर बोट फिरवत राहावं. मी तिला बोलावून दाखवलं.

“बघ! कुठं फुटलं नाही.”

तिनं कडेवरून बोट फिरवलं. “छान आहे,” ती म्हणाली. माझंच उत्तर मला ऐकवलं. मी खूश झालो, आता बोला! मागं आई म्हणत होती, “अरे, संसाराची दोन शकलं करून वर पॉलिश कसलं मारतोस!” मी म्हटलं, आई, तू खाली येत जाऊ नकोस, धूळ उडते.

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. मोठी पांढरी खोली, जमिनीवर पांढरी पट्टी चिकटवलेली, आणि पट्टीच्या आत आमचं अर्धं घर. आरसा, खुर्ची, फळी, खाट, अर्धं कपाट. ती खाटेवर बसून मोज्यांच्या जोड्या लावत होती. लोक कुजबुजत होते. जाड चष्म्याचे एक प्राध्यापक माझ्याशेजारी उभे राहून म्हणाले, “इथं नवऱ्याची अनुपस्थिती फार बोलते, नाही?”

“हो,” मी म्हटलं. त्यांना कोपर लागू नये म्हणून मी जरा बाजूला सरकलो.

दिवस जायला लागले. घरात मी उरलेल्या खाटेवर झोपायचो आणि सवयीनं कूस बदलली की खाली पडायचो. आरसा नसल्यामुळे दाढी अंदाजानं करायचो. अर्धं कपाट पडायच्या बेतात उभं होतं. गिऱ्हाइकं विचारायची, “वहिनी कुठं आहेत?” मी म्हणायचो, “प्रदर्शनात.” ते खरंच होतं. पण काम आहे म्हणावं तर संपत का नाही? खरं आहे म्हणावं तर भांडण कुठं झालंय? भांडण झाल्याशिवाय माणसं जातात का?

एकदा आई म्हणाली, “मला घेऊन चल.” तिथं गेल्यावर तिनं पट्टी बघितली नाही, राखणदार बघितला नाही, सरळ आत गेली आणि खुर्चीत बसली. राखणदार धावला. माझ्या बायकोनं त्याला हातानं थांबवलं. “राहू द्या. आमच्या आई आहेत.”

‘आमच्या’ म्हणाली, म्हणून मला हायसं वाटलं. तिनं आईला पाणी दिलं, दोघी हळू आवाजात काहीतरी बोलल्या, एकदा हसल्यासुद्धा. मी पट्टीच्या बाहेर होतो. मला तिनं आत बोलावलं नाही आणि मी गेलो नाही.

बाहेर पडल्यावर आई रस्त्याच्या कडेला थांबली. “ती यायची नाही रे.”

“तसं म्हणाली ती?”

“म्हणायला कशाला लागतं? पाणी कसं दिलं बघितलंस ना? पेला बशीत ठेवून. इतकी वर्षं माठातून घेऊन तसाच हातात द्यायची, निम्मं सांडून. बशीत ठेवून पाहुण्याला देतात.”

“आई, तेही काम असेल.”

आईनं माझ्याकडे बघितलं आणि माझ्या गालावर हात ठेवला. “दाढी नीट कर जा. इथं राहिलीय,” एवढंच म्हणाली.

शेवटच्या दिवशी मी परतीच्या बांधणीची मापं घ्यायला गेलो. टेप खिशात, पेन्सिल कानामागं. खोली खचाखच भरलेली; शेवटचा दिवस म्हणून सगळं शहर लोटलं होतं. मी कपाटाजवळ गेलो आणि थबकलो.

उघड्या बाजूला नवी फळी बसवली होती.

मी वाकून बघितलं. नुसती टेकवलेली नव्हती. सरस लावून, स्क्रू पिळून, पक्की. माझी ती गुळगुळीत केलेली कड आत गेली होती. स्क्रू तिरके होते. कुणीतरी दुसऱ्याच सुतारानं मारले होते, आणि आधी मला त्याचाच राग आला. मग कळलं. बघायला ठेवायच्या अर्ध्या कपाटाला कुणी बाजू बसवत नाही. ज्यात कपडे ठेवायचे आहेत, जे कुठल्या तरी भिंतीला लावायचं आहे, त्याला बसवतात. ते अर्धं कपाट राहिलंच नव्हतं. लहानसं, एका माणसाचं, पुरतं कपाट झालं होतं.

मी पट्टी ओलांडली. राखणदार म्हणाला, “साहेब, आत जाता येत नाही.” मी गेलो. ती खाटेवर बसली होती. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि म्हटलं, “घरी चल.”

आवाज चिरकला होता, म्हणून पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. “घरी चल. मला कळत नव्हतं. मला वाटलं हे काम आहे. मी मूर्ख आहे, ठार मूर्ख, पण घरी चल. मला तिथं राहवत नाही.”

लोक वळून बघायला लागले. मग मागून कुणीतरी टाळी वाजवली, आणि बघता बघता सगळेच वाजवायला लागले. मोबाइल वर झाले. ते चष्म्याचे प्राध्यापक मान डोलवत होते. माझ्या गालावरून पाणी वाहत होतं आणि लोक खूश होऊन बघत होते.

तिनं टाळी वाजवली नाही. ती उठली, माझ्या अगदी जवळ आली, आणि इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, “हे तू मला म्हणतोयस, की यांना?”

मी तिच्या डोळ्यांत बघितलं. ती नाटक करत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. इतकी वर्षं जो प्रश्न मी मनात धरून तिच्याकडे बघत होतो, तोच धरून ती माझ्याकडे बघत होती. माझं ‘छान आहे’, माझं ‘ने की’, माझा तो समजूतदारपणा, यातलं कुठलं खरं आणि कुठलं लोकांसाठी, हे तिला कधी कळलं नसणार. मी एकदाही नाही म्हटलं नव्हतं. मग माझ्या ‘हो’ला तिनं काय समजायचं?

तिनं राखणदाराला खूण केली. “सगळ्यांना बाहेर काढा.” लोक कुरकुरले, पण निघाले. दार बंद झालं. पांढऱ्या खोलीत आमचं अर्धं घर आणि आम्ही दोघं.

“आता बोल,” ती म्हणाली. “आता कुणी नाही.”

मला बोलायचं होतं. देवाशपथ बोलायचं होतं. खुर्चीवरच्या डागाचं सांगायचं होतं, खाटेवरून पडतो ते सांगायचं होतं, तू जाऊ नकोस म्हणायचं होतं. मघाशी लोकांसमोर सगळं घडाघडा आलं होतं. ती वाट बघत होती. हात बाजूला सोडून, घाई न करता. मी तोंड उघडलं.

“कपाटाची जुनी पेटी आता पुरायची नाही,” मी म्हटलं. “बाजू लागलीय. नवी करावी लागेल.”

तिनं कपाटाच्या नव्या फळीकडे बघितलं. मग म्हणाली, “पत्ताही वेगळा आहे.”

“सांग.”

तिनं सांगितला. मी कानामागची पेन्सिल काढली आणि हाताला लागलेल्या पुठ्ठ्यावर लिहून घेतला. गल्ली, इमारत, मजला. माझं अक्षर चांगलं आहे, पेट्यांवर नेहमी मीच लिहितो. लिहून झाल्यावर वर बघितलं तर ती खाटेवर बसून रडत होती. ओंजळीत तोंड घालून, खांदे हलवत. बघायला कुणी नव्हतं, कॅमेरा नव्हता, दार बंद होतं. हे काम नाही, एवढं मलासुद्धा कळलं. खाटेवर तिच्याशेजारी जागाही होती. जाऊन बसायचं, इतकंच. पण पाय हलेनात, आणि खोलीतली ती शांतता मला सोसवेना.

“जिना किती रुंद आहे?” मी विचारलं.